बाळंतपणाची जागा रात्री दोनच्या हिशेबाने निवडा

बाळंतपण दवाखान्यातच करायचं, हे आता रत्नागिरी जिल्ह्यात कुणाला पटवून द्यावं लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. २०१८-२० या काळात राज्यात लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशात ९७. केरळ सोडलं तर इतका कमी दर दुसऱ्या कुठल्या राज्याचा नव्हता. त्यामागे आशाताईंपासून सिव्हिलच्या भूलतज्ज्ञांपर्यंत पुष्कळांची मेहनत आहे. पण मंडणगडच्या एखाद्या वाडीतल्या पहिलटकरणीला आज मध्यरात्री कळा सुरू झाल्या तर तिला काय मिळेल, ते राज्याच्या सरासरीतून कळत नाही.

दवाखाना घरात ठरतो कसा? ‘वहिनीचं तिथेच झालं’, ‘डॉक्टरांच्या हाताला गुण आहे’, ‘खोल्या स्वच्छ आहेत’. शिवाय शहरात चांगलं आणि गावात कामचलाऊ, हा समज पक्का. या समजात तथ्य आहे, पण अर्धंच. गावच्या आरोग्य केंद्रात वर्षानुवर्षं बाळंतपणं करून हात बसलेली सिस्टर असू शकते, आणि शहरातल्या चकचकीत नर्सिंग होममध्ये रात्री नऊनंतर एक अननुभवी मुलगी आणि डॉक्टरांचा मोबाइल नंबर एवढंच असू शकतं. दुपारी बाराला ओपीडीत बसून यातलं काही दिसत नाही. कळा रात्री येतात. अंगावरून जायला लागतं ते पहाटे, आणि जन्मल्यावर बाळ रडत नाही ते नेमकं गणपतीच्या सुट्टीत. त्या वेळी इमारतीत कोण जागं असेल आणि त्याला काय करता येईल, हे बघून जागा निवडावी.

नकाशा समोर ठेवून

रत्नागिरी जिल्हा बाणकोटच्या खाडीपासून विजयदुर्गच्या खाडीपर्यंत लांबच लांब पसरलेला. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र, मध्ये खाड्या आणि डोंगरांच्या सोंडा. गुहागर तालुक्यातल्या तवसाळहून जयगड समोर दिसतं, दिवसा फेरीबोटीने पलीकडे जाताही येतं. रात्री फेरी बंद झाली की तेच गाव मोठ्या वळशाचं होतं. धोपावे-दाभोळ आणि वेसवी-बागमांडला यांचंही तसंच. पावसाळ्यात परशुराम घाटात दरड आली की खेड आणि चिपळूण एकमेकांपासून तुटतात. २२ जुलै २०२१ च्या पुरात तर चिपळूण शहरात राहणाऱ्यांनाही दवाखाना गाठणं अवघड झालं होतं.

म्हणून पहिलं काम: घरापासून कुठल्या दवाखान्यात काय होतं, हे सातव्या महिन्याच्या आत समजून घ्या. उपकेंद्रात तपासणी होते, गोळ्या आणि इंजेक्शन मिळतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात चोवीस तास साधं बाळंतपण व्हायला हवं. त्यापुढे लांजा, राजापूर, गुहागर, देवरुख, मंडणगडसारखी ग्रामीण रुग्णालयं. त्याच्या वरची पायरी म्हणजे दापोली, खेडजवळ कळंबणी आणि चिपळूणजवळ कामथे इथली उपजिल्हा रुग्णालयं, आणि शेवटी रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. सावर्ड्याजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय हा चिपळूण-संगमेश्वरकडच्यांना आणखी एक मोठा आधार. साखरप्याकडच्या माणसाला आंबा घाटाने कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय सोयीचं पडतं, मंडणगडकराला कित्येकदा रत्नागिरीपेक्षा महाड जवळ. जिल्ह्याची हद्द कागदावर असते; बाळंतिणीने ती पाळायची गरज नाही.

पाटीवर ‘ग्रामीण रुग्णालय’ लिहिलं आहे म्हणून तिथे सिझर होतंच असं धरू नका. सिझरला स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त या तिन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. यातलं एक पद रिकामं असलं किंवा एक डॉक्टर रजेवर गेला की शस्त्रक्रियेची खोली असून नसल्यासारखी. तुमच्या तारखेच्या महिन्यात तिथे कोण आहे, हे आशाताईला किंवा सिस्टरला विचारा. त्यांना हे पक्कं माहीत असतं, आणि विचारलं तर त्या सांगतात.

आता कुणी कुठे जावं? पहिलं सिझर झालेलं, जुळी, बाळ आडवं किंवा पायाळू, बीपी वाढलेलं, गरोदरपणातली साखर, हिमोग्लोबिन सातच्या खाली, मागच्या खेपेला जास्त रक्त गेलेलं किंवा वार अडकलेली, उंची पाच फुटांहून बरीच कमी: यातलं काहीही असेल तर जवळच्या आरोग्य केंद्राचा मोह सोडा आणि जिथे सिझर आणि रक्त दोन्ही आहे तिथेच नाव घाला. बाकी साध्या बाळंतपणाला चांगलं चालणारं आरोग्य केंद्र पुरतं. फक्त तिथून पुढे जायची वाट आधी ठरलेली हवी.

तारीख जून ते सप्टेंबरमधली असेल आणि घर डोंगरातल्या वाडीत किंवा खाडीपलीकडे असेल, तर दिवस भरायच्या आठ-दहा दिवस आधी दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडे येऊन राहा. मला विचाराल तर कोकणात पावसाळ्यातल्या बाळंतपणासाठी याहून स्वस्त आणि याहून उपयोगी सल्ला नाही. पाखाडीवरून डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणायचं, ही वेळ ज्या घरांवर आली आहे त्यांना हे सांगावं लागत नाही.

‘मुंबईला फोन करून विचारतो’ हा आपल्याकडचा खास उशीर. नवरा चाकरमानी, सासरे शेतावर, घरात सासूबाई आणि जाऊ. सिस्टर म्हणते, पुढे न्यायला हवं. घरचे म्हणतात, विचारून सांगतो. फोनला रेंज नसते, तिकडे कामावर फोन उचलला जात नाही, आणि दीड तास जातो. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला तर उपचाराविना बाई दोनेक तासांत जाऊ शकते, हे लक्षात घेतलं की या दीड तासाची किंमत कळेल. आठव्या महिन्यात नवरा सणाला आला असेल तेव्हाच सगळ्यांसमोर ठरवून टाका: सिस्टरने पुढे न्या म्हटलं तर विचारायचं नाही, न्यायचं. गाडी कुणाची, सोबत कोण, पैसे कुठे ठेवलेत आणि रक्त द्यायला कोण दोघं येतील, हेही त्याच बैठकीत. १०२ ही गरोदर माता आणि बाळांसाठीची मोफत गाडी, १०८ तातडीची. डोंगरातल्या वळणांवर तीही वेळ घेते, म्हणून वाडीतल्या एका रिक्षावाल्याचा किंवा जीपवाल्याचा नंबर भिंतीवर लिहिलेला असावा.

तपासणी झाली म्हणजे काय झालं?

नाव तीन महिन्यांच्या आत घाला. मुलगी मुंबईला राहते आणि बाळंतपणाला माहेरी येणार, हे आपल्याकडे घरोघरी. अशा वेळी दोन्हीकडे नाव आणि कुठेच नीट तपासणी नाही, असं होतं. माता-बाल संरक्षण कार्ड, सगळे रिपोर्ट आणि सोनोग्राफीचे कागद एका पिशवीत, ती पिशवी तिच्याबरोबर. सातव्या महिन्यात आल्याआल्या गावच्या आशाताईला कळवा. तिच्या यादीत नसलेल्या बाईच्या घरी ती येणार कशी?

कार्डावर चार तपासण्यांचे रकाने भरले म्हणजे तपासणी चांगली झाली असं नव्हे. दर खेपेला वजन, बीपी, पोटावरून बाळाची वाढ आणि ठोके, लघवीतलं प्रोटीन आणि ठरावीक अंतराने हिमोग्लोबिन बघायलाच हवं. पूर्ण गरोदरपणात एकदा तरी रक्तगट, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ-बी यांची तपासणी आणि ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर. सोनोग्राफी पाचव्या महिन्याच्या आसपास एक तरी, कारण बाळाच्या अवयवांतले दोष तेव्हा नीट दिसतात.

बीपी कसं मोजतात ते बघा. चढण चढून धापा टाकत आलेली बाई खुर्चीत बसते न बसते तोच पट्टा बांधतात, तोही ब्लाउजच्या बाहीवरून, आणि मोजणारी त्याच वेळी तिला गाव विचारत असते. हे मोजणं निकामी. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, दंड उघडा आणि हाताला आधार, असं मोजलं तर आकड्याला अर्थ. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला तर पुन्हा मोजायला सांगा. १६० किंवा ११० म्हणजे त्याच दिवशी भरती. सोबत डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली दुखणं, चेहरा आणि हात सुजणं असेल तर थांबू नका. झटका यायच्या आधीची ही चिन्हं आहेत. पाय सुजले की ‘बाळंतपणात पाय सुजायचेच’ म्हणून सोडून देणाऱ्या आजीला हे मुद्दाम सांगा.

रक्त कमी असणं हे आपल्याकडचं जुनं दुखणं. त्याच राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या गरोदर स्त्रियांपैकी ४५ टक्क्यांहून जास्त जणींना रक्तक्षय आढळला, आणि यात शहरातल्याही आहेत. चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी, निदान १८० दिवस. कॅल्शियमची रोज दोनदा. या दोन्ही गोळ्या एकाच वेळी घ्यायच्या नाहीत आणि लोहाची गोळी चहाबरोबर तर मुळीच नाही, नाहीतर लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळं होतं, मळमळतं, म्हणून गोळ्या डब्यात साठवणाऱ्या पुष्कळ जणी आहेत; जेवणानंतर किंवा झोपताना घेतली तर त्रास कमी होतो. गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर शिरेतून लोह देता येतं, तेही सरकारी दवाखान्यात. नाचणी, कुळीथ, मासे, पालेभाजी हे खावंच, पण हिमोग्लोबिन आठ असताना नाचणीच्या सत्त्वावर विसंबून राहू नये.

लावणीच्या दिवसांत चिखलात उभी राहून काम करणारी गरोदर बाई आणि जुलै-ऑगस्टमधला ताप, ही जोडी आपल्या भागात दुर्लक्ष करण्याजोगी नाही. लेप्टो असू शकतो, डेंग्यू असू शकतो. तापाची गोळी घेऊन घरी बसू नका, त्याच दिवशी तपासून घ्या. आणि शक्य असेल तर तिला त्या वर्षी चिखलात उतरवूच नका.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. २०१६ पासून ही सोय आहे. गर्दी होते, पण एरवी न भेटणारे डॉक्टर त्या दिवशी भेटतात. चौथ्या ते नवव्या महिन्यात एकदा तरी जाच.

विचारायचे प्रश्न

दवाखाना सरकारी असो की खासगी, नाव घालण्याआधी पुढचं विचारा. भीड वाटली तर सोबत आलेल्या सासूबाईंनी किंवा भावाने विचारावं.

रात्री इथे राहतं कोण? डॉक्टर घरून येत असतील तर किती मिनिटांत? रात्रपाळीची नर्स शिकलेली आहे का? भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ बोलावल्यावर येतात की इथेच असतात? लहान शहरांत ते बोलावल्यावरच येणार, त्यात गैर काही नाही. पण एकच भूलतज्ज्ञ चार नर्सिंग होम सांभाळत असेल तर तो दुसरीकडे अडकल्यावर काय, हे डॉक्टरांनी सांगता आलं पाहिजे.

रक्त लागलं तर कुठून येतं आणि किती वेळात? बाईचा गट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन कुठे मिळेल? बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर ते जन्मानंतर ७२ तासांत द्यावं लागतं.

सगळ्यांत महत्त्वाचा आणि कुणीच न विचारणारा प्रश्न: जन्मल्यावर बाळ रडलं नाही तर इथे काय करता? उत्तर असं हवं, की प्रसूतिगृहातच बाळासाठी उबेचा दिवा आणि श्वास द्यायची पिशवी-मास्क आहे, आणि ती वापरता येणारं माणूस प्रत्येक बाळंतपणाला हजर असतं. बाळाला श्वास देण्यासाठी हाताशी पहिलं एक मिनिट असतं. ‘तसं काही झालं तर आम्ही लगेच पाठवतो’ हे उत्तर पुरेसं नाही.

आणि पाठवायची वेळ आलीच, तर कुठे? तिकडे आधी फोन करता का? चिठ्ठीवर बीपी, दिलेली औषधं आणि दिल्याची वेळ लिहून देता का? झटक्याची भीती असेल तर मॅग्नेशियमचा पहिला डोस आणि दिवस पूर्ण भरायच्या बऱ्याच आधी कळा आल्या असतील तर बाळाच्या फुप्फुसांसाठीचं स्टेरॉइडचं इंजेक्शन गाडीत बसवण्याआधी देता येतं. ‘पुढे न्या’ एवढंच तोंडी सांगून हात झटकले, तर पुढच्या डॉक्टरांना शून्यापासून सुरुवात करावी लागते. चिठ्ठी घेतल्याशिवाय निघू नका.

सोबत बाई आत येऊ देता का, हेही विचारा. आई, जाऊ, बहीण, कुणीतरी एक ओळखीचं माणूस कळांच्या वेळी जवळ असलं तर बाई कमी घाबरते आणि बाळंतपणही सुकर होतं; जागतिक आरोग्य संघटना हे सांगते आणि २०१६ पासून आपल्या सरकारी दवाखान्यांनाही त्याची मुभा आहे. ओरडणं, चापट मारणं, ‘तेव्हा कळलं नाही का’ असलं बोलणं ही शिस्त नव्हे. ते खपवून घ्यायची गरज नाही.

शहरातला धोका वेगळा

खेड्यात मदत उशिरा आणि थोडी मिळते. शहरात ती लवकर आणि नको तितकी. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१६ साली जगभरच्या मातांच्या आरोग्याबद्दल हेच दोन दोष मांडले. राष्ट्रीय पाहणीनुसार देशातल्या सरकारी दवाखान्यांत १४ टक्क्यांच्या आसपास बाळंतपणं सिझरने होतात, खासगीत ४७ टक्के. खासगीत अवघड केसेस जास्त येतात म्हणावं, तर अवघड केसेस शेवटी सिव्हिललाच पाठवल्या जातात. सिझरने जीव वाचतात, पण गरज नसताना केलेलं सिझर पुढच्या खेपेला वार खाली चिकटण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका मागे ठेवतं. पुढचं बाळंतपण गावच्या आरोग्य केंद्रात होण्याची वाटही बंद होते.

सिझर करायचं म्हटलं तर कारण विचारा आणि ते कागदावर लिहून मागा. बाळाचे ठोके मंदावले, बाळ आडवं आहे, वार खाली आहे, तासन्‌तास कळा देऊनही पिशवीचं तोंड उघडत नाही, ही खरी कारणं. अशा वेळी घासाघीस करू नका, सही करा. ‘गळ्याभोवती नाळ आहे’ हे एकटं कारण होत नाही. कितीतरी बाळं नाळेचा वेढा घेऊन सुखरूप जन्मतात. तारीख बघून, मुहूर्त बघून, नवऱ्याची रजा बघून केलेलं सिझर ३९ आठवड्यांच्या आत तर नकोच. अशा घाईने काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास होतो आणि मग घरी सांगितलं जातं, ‘बाळाला पेटीत ठेवलंय’.

उलट बाजूने, कळा वाढवायचं सलाईन लावून बाळाचे ठोके कुणी मोजत नसेल, किंवा बाळ बाहेर यावं म्हणून पोटावर जोराने दाबत असतील, तर ते शहरात असो की गावात, थांबवायला सांगा. दोन्हींनी गर्भाशय फाटण्याचा धोका असतो.

पहिला तास आणि मग बेचाळीस दिवस

सगळं सुरळीत झालं तर बाळ पुसून कोरडं करून सरळ आईच्या उघड्या छातीवर ठेवायला हवं, वरून दोघांना मिळून एक कोरडं कापड आणि बाळाला टोपी. नाळ निदान एक मिनिट थांबून कापायची. तेवढ्यात वारेतलं रक्त बाळात जातं आणि पुढच्या महिन्यांची लोहाची शिदोरी होते. आईला लगेच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, कारण त्याने रक्तस्राव रोखला जातो. तासाभरात बाळ अंगावर. पहिला पिवळसर चीक टाकून द्यायचा नाही; मध, साखरपाणी, गुळाचं पाणी काही नको. सिझर झालं तरी हे जमतं. बाळाला व्हिटॅमिन-के, बीसीजी, पोलिओचे थेंब आणि चोवीस तासांत कावीळ-बी. आंघोळ चोवीस तासांनंतर. दवाखान्यात यातलं किती आपोआप होतं, त्यावरून त्या जागेची किंमत करा. याला पैसे लागत नाहीत, सवय लागते.

वजन अडीच किलोच्या आत असेल तर बाळ जपायचं, १८०० ग्रॅमच्या आत असेल तर सहसा सिव्हिलच्या नवजात शिशू कक्षात. पण जपणं म्हणजे पेटीच असं नाही. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एक ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्यापासून आईच्या त्वचेला चिकटवून ठेवलं तेव्हा मृत्यू चौथ्या हिश्शाने कमी झाले. याला ‘कांगारू’ म्हणतात. बापालाही करता येतं, आणि कोकणातल्या बापांनी लाजू नये.

सरळ बाळंतपणानंतरही दोन दिवस दवाखान्यातून हलू नका. घरी कामं पडलीत म्हणून तिसऱ्या तासाला सुट्टी मागणारे नातेवाईक सिस्टरला रोज भेटतात. आईच्या जिवाला सर्वांत मोठा धोका पहिल्या चोवीस तासांत असतो.

घरी आल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायला हवी. ही पद्धत महाराष्ट्रातूनच देशभर गेली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत साध्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली, आणि तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये जगापुढे आलं. २०११ पासून हेच काम आशाताई करतात. तेव्हा ती आली तर ओटीवरूनच ‘बरं आहे सगळं’ म्हणून वाटेला लावू नका. तिला आत घ्या, हात धुवायला पाणी द्या. ती बाळाचे कपडे काढून झोळीत वजन करेल, काखेत थर्मामीटर लावेल, आणि मग घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजेल. बाळ शांत असताना मोजायचं. साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजायचं, आणि पुन्हा तेवढेच आले तर दवाखाना. बाळ अंगावर पीत नाही, आखडतं, छाती आत ओढली जाते, हात लावला तरच हलतं, अंग तापलंय किंवा गार पडलंय, पहिल्याच दिवशी पिवळं दिसलं किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच तासाला निघायचं. दृष्ट काढायची तर परत आल्यावर काढा.

पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. चुलीवरच्या दोरीवर टांगलेली दुपटी कोरडी वाटतात, पण धुरकट आणि आतून ओलसर असतात. बाळाच्या पोटाला आणि तळपायाला हाताची मागची बाजू लावून बघा: पोट गरम आणि पाय गार असतील तर बाळ गारठायला लागलंय, छातीशी घ्या. शेगडीचा शेक दार बंद करून देऊ नका, धुराने आणि विषारी वायूने दोघांनाही धोका. नाळेला हळद, तेल, राख नको. कोरडी राहू द्या. गुटी आणि पाणी सहा महिने बंद, मध वर्षभर. काजळही नको. पण बाळंतिणीला हळिवाची खीर, पेज, मासे, पालेभाजी, भरपूर पाणी सगळं द्या. ‘पाणी प्यायलं की पोट सुटतं’ म्हणून तहानेली ठेवू नका.

आईकडेही बघा. तासाभरात घड्या भिजतील इतकं रक्त जाणं, घाण वास, ताप, पोटरी सुजून दुखणं, धाप, डोकं ठणकणं. आणि दोन आठवड्यांनंतरही ती रडतच असेल, बाळाकडे बघवत नसेल, झोप उडाली असेल, तर तो नखरा नाही, आजार आहे, डॉक्टरांना सांगा.

हक्काचं काय, आणि तक्रार कुणाकडे

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि येण्या-जाण्याची गाडी, सगळं मोफत. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने हा हक्क दिला आहे आणि आजारी बाळाला तो वर्षभर आहे. जेवण साध्या बाळंतपणाला तीन दिवस, सिझरला सात. बाहेरून औषध आणायला सांगितलं तर चिठ्ठी आणि बिल जपून ठेवा. ‘मुलगा झाला, चहापाण्याचं बघा’ याला नाही म्हणता येतं. पहिल्या खेपेला मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये, दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर ६,०००; अर्ज आशाताईमार्फत, आधार आणि बँक खातं जोडलेलं हवं. बाळाला खासगी अतिदक्षता विभागात ठेवायची वेळ आली तर भरती करतानाच महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा. नंतर गेलात तर फार उशीर होतो. खासगी दवाखान्यांनी दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची, असा राज्याचा २०२१ चा नियम आहे. ती भिंतीवर नसेल तर विचारा.

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची, आणि दाखला शक्यतो घरी जाताना दवाखान्यातूनच घ्यायचा. नाव ठरलं नसलं तरी नोंद अडत नाही, बारसं झाल्यावर, नोंदीपासून वर्षभरात नाव घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच कागद लागणार आहे.

उपकेंद्र आणि आरोग्य केंद्राची तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा जिल्हा परिषदेतल्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयाची जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. फोनवर सल्ला किंवा तक्रारीसाठी १०४. तक्रार लेखी, तारीख आणि वेळ घालून, आणि पोच घेऊन करा. रात्रपाळीला कोण नव्हतं, किती वाजता बोलावलं, किती वाजता आले, एवढं लिहिलंत तरी पुरे.